धुरपदा कासारणीची पिवळी बांगडी

खिंडीतून गाडीरस्ता झाला नव्हता, नुसती पाऊलवाट होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. कुणी म्हणतं सात पिढ्या, कुणी म्हणतं नऊ, आणि पिढ्या मोजायला बसलं की इथे भांडणं लागतात. तेव्हा पुष्कळ वर्षं झाली एवढं धरून चला आणि नीट ऐका.

खिंडीच्या पायथ्याला कवठदरा नावाचं गाव आहे. त्या गावात धुरपदा नावाची कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची पेटी, कपाळाला आडवं कुंकू, आणि आवाज असा की चार आळ्या पलीकडे ऐकू जावा. तिने दारात "बांगड्याऽऽ" म्हणून हाळी दिली की चुलीवरचं दूधसुद्धा उतू जायचं थांबायचं, असं म्हणतात. बायका हातातलं काम टाकून ओसरीवर येऊन बसायच्या. धुरपदा एकेकीचा हात हातात घ्यायची, दाबून दाबून मऊ करायची आणि बोलता बोलता काचेची बांगडी अशी चढवायची की बाईला कळायचंही नाही. बांगड्या भरून झाल्या की वर एक बांगडी फुकट द्यायची तिची रीत होती.

हात धरला की तिला माणूस कळायचा. कुणाला सासुरवास आहे, कुणाला दिवस गेलेत, कोण सकाळपासून उपाशी आहे, सगळं कळायचं. गावकुसाबाहेरच्या घरांतही ती जायची. त्या काळी गावातले लोक त्या घरांना शिवत नसत, द्यायची वस्तू वरून टाकत. लाज वाटावी असंच होतं ते, पण होतं. धुरपदेला कुणी त्यावरून टोकलं की ती फाडकन म्हणायची, "बांगडी काय लांबनं फेकून भरता येती व्हय? हात धरावाच लागतो." आणि पेटी उचलून चालू लागायची.

त्या बाहेरच्या घरांत एक घर यसाचं. यसा ढोलक्या मढवायची. हे काम तिच्या नवऱ्याचं होतं. तो तापाने गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा यसाने त्याची हत्यारं हातात घेतली आणि बघता बघता त्याच्यापेक्षा वरचढ झाली. ढोलकीला कातडं चढवावं, त्यावर शाईचा काळा गोल भरावा, चामड्याच्या वाद्या आवळाव्या आणि थाप मारून कान लावावा. तिने मढवलेली ढोलकी खिंडीच्या या तोंडाला वाजवली तर त्या तोंडाला नाचणाऱ्याचे पाय आपोआप उचलायचे, असं म्हणतात.

म्हणूनच तर दर चैत्रात सगळे खेळवाले कवठदऱ्याला उतरायचे. कळसूत्री बाहुल्यावाले यायचे, बहुरूपी यायचे, डोंबारी, शाहीर, भारुडं करणारे, सगळे. वर्षभर बडवलेली वाद्यं यसाच्या अंगणात आणून टाकायचे, ती आठ दिवसांत नवी करून द्यायची, आणि मग रात्री पाटलाच्या चौकात खेळ व्हायचे. पाटलाच्या चौकाला दीड पुरुष उंच भिंत होती आणि मोठा दरवाजा होता. दरवाजातून आत जायची ती पाटलाची भावकी, पाटलाचे पाहुणे आणि वरच्या आळीतले फेटेवाले. गावातल्या बायका आपापल्या घरांच्या माळवदावर बसून लांबून नुसतं ऐकायच्या. आणि यसा? यसा भिंतीच्या बाहेर, गटाराच्या पलीकडे गुडघे पोटाशी घेऊन बसायची. आतली ढोलकी वाजली की ती बोटाने मातीत खुणा करायची आणि पुटपुटायची, "डावीकडची वादी ढिली झाली. उद्या आवळून द्यावी लागंल."

एका वर्षी खेळ संपले, मंडळी खिंडीपलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी धुरपदा यसाकडे गेली. यसाला बांगड्या भरायच्या नव्हत्या, विधवेच्या हातात बांगडी कुठली? पण नवरा गेल्यावरही धुरपदेने तिच्याकडे जायचं सोडलं नव्हतं. पेटी बाजूला ठेवायची, यसाचा हात हातात घ्यायचा आणि दोघींनी सुखदुःखाचं बोलायचं, असं अकरा वर्षं चाललं होतं.

त्या दिवशी यसाने पाण्याचा तांब्या पुढे केला तो धुरपदेच्या हाताच्या वीतभर बाजूला. धुरपदेने तांब्या खाली ठेवला आणि तिचा हात धरला.

"यसे, डोळं कधीपास्नं?"

यसा म्हणाली, "दिवाळीपास्नं, अक्का. धूर दिसतो सारखा. अजून माणूस वळखू येतंय. पुढल्या चैतापातूर ऱ्हातील डोळं, त्याच्या म्होरचं सांगत न्हाई."

"काम कसं करतीस गं?"

"कामाला डोळं कुठं लागत्यात? कामाचं दुख न्हाई मला." यसा हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "एक रुखरुख हाय बघ. बाहुल्यांच्या खेळात राणी येती तवा ढोलकी कशी वाजती ते मला ठाऊक हाय. रुसती तवा कशी वाजती ते ठाऊक हाय. पर राणी कशी हाय गं, अक्का?"

धुरपदेला सांगता येईना. गावातल्या झाडून साऱ्या हातांची तिला ओळख होती, पण राणी तिनेही कधी पाहिली नव्हती. ती माळवदावरच बसायची. त्या दिवशी ती यसाच्या अंगणातून उठली ती थेट घरी गेली. एकही हाळी दिली नाही, आणि चुलीवरची दुधं उतू गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटलाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तुळाजी पाटील माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पण आजोबापासून खेळ आपल्या चौकात होतात याचा त्याला भारी अभिमान. ती भिंत म्हणजे त्याला स्वतःचं नाकच वाटायचं.

धुरपदा म्हणाली, "पाटील, पुढल्या चैतात खेळ खिंडीखालच्या उतारावर होऊ द्या. दिवसाउजेडी. भिंत नको, दरवाजा नको, कुणाला मज्जाव नको. ज्याला यायचं त्यानं येऊन बसावं."

पाटील पान खात होता. तो म्हणाला, "आणि खेळवाल्यांचं खाणं कोण बघणार? झाडलोट कोण करणार? उतारावर काटं हायेत, धोंडं हायेत. बिनभिंतीचा खेळ म्हंजी तमाशाच व्हायचा."

"गाव करील सगळं."

"गाव?" पाटील हसला. "गावाला कुणी इचारलंय?"

आणि इथे धुरपदा चुकली. चूक कासारणीचीच, दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती झाली नसती. ती ताडकन म्हणाली, "मी इचारते. पाडव्याच्या दिवशी घरटी एक हात दाखवीन तुम्हाला, आणि त्या हातात माझी पिवळी बांगडी आसंल. कुसाच्या आतलं घर आन् बाहेरचं घर, एकबी सुटणार न्हाई."

"आणि सुटलं तर?"

"तर माझी पेटी या गावात पुन्हा फिरायची न्हाई."

"शब्द दिलास," पाटील म्हणाला आणि पिंक टाकली.

घर म्हटलं की बाई आणि बाई म्हटलं की बांगडी, याच हिशेबात जिचा जन्म गेला, तिला दुसरं सुचणार तरी काय? पण ती चूक तिला पुढे फार जड गेली.

आता त्या वर्षभरात तिने काय केलं ते ऐका. आधी ती पलीकडच्या मुलखातल्या भट्टीवर गेली आणि हळदीच्या रंगाच्या बांगड्या पाडून घेतल्या. तसा पिवळा रंग त्याआधी कुणी पाहिला नव्हता आणि नंतरही कुणाला जमला नाही, असं म्हणतात. मग ती दारोदार फिरू लागली. नेहमीसारख्या बांगड्या भरायची आणि वरची फुकटची बांगडी द्यायची वेळ आली की हात घट्ट धरून ठेवायची.

"ही पिवळी हाय. ही फुकट न्हाई. ही चढवली की उतारावरच्या खेळाला काय देणार ते बोलायचं. पैसा नको. तुझ्याच्यानं व्हईल ते बोल."

पहिल्या दिवशी सगळ्याजणींनी हात मागे ओढून घेतले. एक म्हणाली, "दिवसाढवळ्या बसून खेळ बघायचा? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? लोक तर तुझ्या शेजारी बसून खेळच बघत आसतील."

दुसरी म्हणाली, "कुसाबाहेरच्याबी येणार का? त्यांच्यासंगं एका उतारावर बसायचं?"

"मग तू लांब वर बस. त्या खाली बसतील. खेळ खालनं जास्त दिसतो, तेवढं ध्यानात ठेव."

ती बाई दोन दिवस विचार करत बसली आणि तिसऱ्या दिवशी धुरपदेला शोधत आली. तिला खाली बसायचं होतं.

हळूहळू हात पुढे येऊ लागले. कुणी म्हणाली मी वीस भाकरी थापीन, कुणी म्हणाली मी दोन घागरी पाणी चढवीन. एक म्हातारी म्हणाली, माझ्याच्यानं काही होत नाही, पण खेळ चालू असताना मी सगळ्यांची तान्ही पोरं धरून बसेन, आणि धुरपदेने तिच्या हातात एकाऐवजी दोन बांगड्या चढवल्या. बायकांनी शब्द दिला म्हणजे घरातल्या पुरुषांनी दिला, हे काही वेगळं सांगायला नको. रिकाम्या दिवसांत औतं-पहारी घेऊन सावड करून माणसं उतारावर जाऊ लागली. आज ह्या आळीने काटे काढायचे, उद्या त्या आळीने धोंडे हलवायचे. असं म्हणतात की उतार सरळसोट होता, बसलेल्याच्या पुढ्यात पुढच्याचं डोकं यायचं. पण गावाचे हात लागले तशी टेकडीने कूस बदलली आणि सुपासारखी खोलगट झाली. अजून तशीच आहे, जाऊन पाहा.

त्या पिवळ्या बांगडीचा आणखी एक गुण होता. दिलेला शब्द पाळला नाही की ती वाजायची. वरच्या आळीतल्या काशीने दहा सुपं दगड उचलायचं कबूल केलं आणि अंग चोरून घरात बसली. तर बांगडी आपली किणकिण, किणकिण! दळताना किणकिण, सासूपुढे ताट ठेवताना किणकिण, देवळात डोळे मिटले तरी किणकिण. सासू म्हणाली, "बये, जा बाई, उचल ते दगड, माझं डोकं उठलं." काशी गेली, दहाच्या जागी बारा सुपं उचलली, तेव्हा कुठे ती बांगडी गप्प बसली.

भानू कुंभाराच्या घरात बाईच नव्हती. सत्तरीचा सडाफटिंग माणूस. धुरपदा त्याच्या दारात विचार करत उभी राहिली. तो चाकावरून उठला, मातीचे हात धुतले आणि पुढे केले. "भर," म्हणाला.

"बाबा, गडीमाणसाच्या हातात? लोक हसतील."

"आयुष्यभर कुणी माझा हात धरला न्हाई. हसू दे लोकांना."

त्याने बांगडी भरून घेतली, आलेल्यांना प्यायला शंभर मडकी पाणी भरून ठेवीन असा शब्द दिला आणि मिशीवर ताव देत गावभर हात दाखवत फिरला.

चैत्र तोंडावर आला तसे खेळवाले खिंड उतरू लागले. धुरपदा खिंडीतच भाकरीची दुरडी घेऊन बसली होती. बाहुल्यावाल्यांचा म्होरक्या म्हादू. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "पाटलाच्या चौकात आम्हाला वर्षाचं धान्य मिळतं, बाई. उतारावर काय मिळंल?"

"पोटभर भाकरी मिळंल. आन् यसा समोर बसंल."

"यसा? ढोलकीवाली यसा? ती आत नसती व्हय बसलेली?"

"भिंतीभाईर बसती. गटारापल्याड. आजवर एक खेळ बघितला न्हाई तिनं."

म्हादूच्या हातातली भाकरी हातातच राहिली. इतकी वर्षं तिच्या हातची ढोलकी गळ्यात अडकवून तो आत गेला होता, आणि मढवणारी कुठे बसते हे एकदाही विचारलं नव्हतं. त्याची त्यालाच लाज वाटली. तो मागे वळून सगळ्या खेळवाल्यांना म्हणाला, "खेळ उतारावर." आणि सगळ्यांनी आपापली बोचकी उचलली.

पाडवा उजाडला. चावडीपुढे सगळं गाव जमलं. बायकांनी हात वर केले तेव्हा सगळी चावडी पिवळी दिसली. पाटलीणबाईंच्या हातातही बांगडी होती. ती कधी भरली, पाटलाला पत्ता नव्हता. पाटील ओटीवर उभा राहून घरामागून घर बघत गेला, आतली आळी झाली, बाहेरची घरं झाली, आणि मग त्याने विचारलं, "यसाचं घर?"

सगळ्या माना धुरपदेकडे वळल्या.

जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिच्याकडे मागायला जावं हे धुरपदेला वर्षभरात सुचलंच नव्हतं. आणि यसा एकटी. घरात सून नाही, लेक नाही. घरटी एक हात, आणि त्या घरातला एकुलता हात विधवेचा. दुसऱ्या घरांतल्या विधवांच्या वाटची बांगडी सुनांनी भरली होती. यसाच्या वाटची कोण भरणार?

पाटील म्हणाला, "एक घर सुटलं. पेटी उचल, धुरपदे."

धुरपदेने खरोखरच पेटी उचलली. पण ती गावाबाहेरच्या वाटेला लागली नाही, यसाच्या घराकडे निघाली. तिच्यामागे पाटील, पाटलामागे अख्खं गाव. कधी न आलेली माणसं त्या दिवशी त्या आळीत आली.

यसा अंगणात ढोलकीला शाई भरत बसली होती. इतकी पावलं ऐकून ती दचकली. धुरपदा तिच्यापुढे बसली, पदराने तिचा शाईचा हात पुसला आणि पेटी उघडली.

"यसे, हात दे."

यसाला उमगलं. तिने हात मागे घेतला. "नगं अक्का. माझ्या हातानं गावाचं काय वाईट झालं तर?"

"तुझ्याच हातानं मुलखात ढोलकी वाजती. काय वाईट व्हायचंय? दे हात."

बारा वर्षांत त्या हातात बांगडी गेली नव्हती. कातडं ओढून ओढून पंजा रुंद झाला होता, हाडं कडक झाली होती, आणि पेटीत उरलेली बांगडी लहान मापाची होती. धुरपदेने हात दाबला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण बोटं आपलं काम करत राहिली. असं म्हणतात की काच मेणासारखी ताणली, मनगटावरून पुढे गेली आणि पुन्हा आपल्या मापाची झाली.

गर्दीतून कुणीतरी "अगाई" म्हणालं. पाटलाचा चेहरा लालबुंद झाला. "हे चालणार न्हाई. काढ ती बांगडी!"

धुरपदा उभी राहिली. "बांगडी कवा काढत्यात, पाटील? धनी गेल्यावर. हिचा बारा वर्षांमागं गेला, तवा काढल्या. आता कोण गेलंय म्हणून काढू?"

हरायची वेळ आली की माणूस ओरडतो. पाटील मागे वळून सगळ्या बायकांवर ओरडला, "काढा! सगळ्याजणी काढा त्या बांगड्या! आत्ताच्या आत्ता!"

अरे बाप रे! असं काही झालं की सांगता सोय नाही. बायकांनी हात छातीशी घट्ट धरले. पुरुषांचे चेहरे पांढरे पडले. साऱ्या गावाच्या बायकांना बांगड्या काढायला सांगायचं, म्हणजे साऱ्या गावाच्या पुरुषांचं काय झालं म्हणायचं? आणि हे बोलतंय कोण? पाटलीणबाई पुढे आल्या. आयुष्यात कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. त्यांनी आपला पिवळ्या बांगडीचा हात नवऱ्यापुढे धरला आणि हळूच विचारलं, "कुणापायी काढू? तुमच्यापायी?"

पाटलाने जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता. एक म्हातारा ओरडला, "थुंका पाटील, आधी थुंका!" पाटील तीनदा थुंकला, कान धरले, ढोलक्यांच्या ढिगाशेजारी मटकन बसला आणि घाम पुसू लागला. भानू कुंभार त्याच्या शेजारी बसला आणि आपली बांगडी त्याच्या कानाशी वाजवली. आधी एक पोरगी हसली, मग तिची आई, मग सगळं गाव. शेवटी पाटलालाही हसू आवरेना.

हसून झाल्यावर पाटील म्हणाला, "एकबी घर सुटलं न्हाई, धुरपदे. माझ्या चौकातली जाजमं उद्या उतारावर पोचती करतो." आणि त्याने ती केली. आपल्या खांद्यावरून नेली, असं म्हणतात.

चैत्री पुनवेच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, उतारावर पहिला खेळ झाला. कोण आलं होतं म्हणून सांगू? अकरा गावांचे लोक आले. बाया आल्या, बाप्ये आले, कुबडीवरची म्हातारी माणसं आली. डोंबाऱ्याने इतकी उंच उडी घेतली की खाली यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात लोकांनी एकेक भाकरी खाऊन घेतली. बहुरूप्याने पाटलाचंच सोंग घेतलं आणि "काढा! काढा!" म्हणाला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने पाटील हसला.

सगळ्यात पुढे, सगळ्यांच्या आधी जागा दिलेली, यसा बसली होती. शेजारी धुरपदा. म्हादूने बाहुल्यांचा पडदा लावला, यसाने मढवलेली ढोलकी वाजू लागली. यसा म्हणाली, "आता राणी येणार." आणि राणी आली. सगळ्या उताराने "आहाहा" केलं. धुरपदेने यसाकडे पाहिलं, तर यसाचा चेहरा पडद्याच्या जरा डावीकडे वळलेला होता.

तिने यसाचा हात धरला. धरला आणि तिला कळलं.

"यसे, दिसंना व्हय?"

"न्हाई, अक्का. पाडव्यापास्नं सगळा धूरच हाय. तू येवढं केलंस, कसं सांगू तुला?"

धुरपदेने तोंडात पदर कोंबला तरी हुंदका बाहेर आलाच. वर्षभर उन्हातान्हात फिरली, अख्खं गाव हलवलं, भिंत मोडली, आणि पंधरा दिवसांनी उशीर झाला. ती अशी रडली की म्हादूची बोटं दोरीवर थांबली आणि राणी अधांतरी लटकत राहिली.

यसाने तिचा हात दाबला. आजवर धुरपदा लोकांचे हात दाबायची, तिचा हात दाबणारी ही पहिलीच. "रडू नगं. आपण आलोय न्हवं? आता सांग. राणी कशी हाय?"

धुरपदेने डोळे पुसले. तिने राणीकडे नीट पाहिलं. तीही पहिल्यांदाच पाहत होती. मग हाळी देणाऱ्या त्या आवाजात तिने सांगायला सुरुवात केली.

"बुटकी हाय, यसे. माझ्या कोपरापातूरच्या हातायेवढी. नथ नाकापेक्षा मोठी हाय. डोळं कोरून काढलेत, टपोरं, आन् एक जरा तिरका हाय. लुगडं डाळिंबी. चालती कशी, तर आधी मान जाती आन् मागनं पाय. आपल्या पाटलीणबाईवानी."

उतार खदखदा हसला. म्हादूने राणीला दोन पावलं चालवलं आणि थांबला. धुरपदेने ती दोन पावलं सांगितली. तेव्हा त्याने पुढची दोन चालवली. राणी रुसली ते तिने सांगितलं, राजाने पाय धरले ते सांगितलं, "वाघ आला" असं ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारची पोरं रडायला लागली. मागे दूर बसलेल्यांना बाहुल्या दिसत नव्हत्या, त्यांनीही कान तिकडे लावले. एका घटकेचा खेळ तीन घटका चालला आणि कुणी उठलं नाही. यसाचा चेहरा हळूहळू पडद्याकडे वळला, ओठ हलू लागले, आणि राणी परत हसली त्या ठिकाणी ती आधीच हसली, धुरपदेने सांगायच्या आत.

"दिसली," ती म्हणाली. "तिरक्या डोळ्याची. दिसली, अक्का."

त्यानंतर यसा नऊ वर्षं जगली आणि नऊही वर्षं धुरपदा तिच्या कानाशी बसली. यसा गेल्यावर धुरपदा दुसऱ्या कुणा आंधळ्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसली, आणि मग तिसऱ्याशेजारी. ती स्वतः कधी गेली, यावर गावात एकमत नाही. ती खिंडीत बसते आणि खेळवाल्यांना वाट दाखवते असं म्हणणारेही आहेत, त्यांना कुणी खोटं पाडत नाही.

उतारावरचा खेळ मात्र दर चैत्रात होतो. आता गाडीरस्ता आहे, लांबून लोक येतात. तिकीट नाही, भिंत नाही, कुणाची जागा ठरलेली नाही. एवढंच आहे की पंचक्रोशीतल्या ज्यांना दिसत नाही त्या सगळ्यांना गाव आपण जाऊन घेऊन येतं, आणि प्रत्येकाशेजारी सांगायला एक माणूस बसतं. कधी बाई, कधी बाप्या, कधी शाळकरी पोर. त्या दिवसापुरतं त्या माणसाला त्याच्या नावाने कुणी हाक मारत नाही, धुरपदाच म्हणतात. आणि खेळ सुरू करण्याआधी म्होरक्या, मग तो कुठल्याही मुलखातला असो, पुढे येतो आणि हात जोडून उताराला विचारतो,

"धुरपदा बसल्या का?"

खालून, वरून, मधून, पन्नास-साठ आवाज येतात. "बसल्या!"

एकही आवाज कमी वाटला तरी तो थांबतो, आणि सगळं गाव त्याच्याबरोबर थांबतं.